नवे विंडोज आणि फुटणारे चित्र



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना वाटेल, की हा तर दुकानात बसून सोडवावयाचा प्रश्न. तो व्याख्यानमालेत कशाला? प्रश्न असा आहे. संगणक मंद चालू लागला किंवा बिघडला, म्हणून त्याला 'फॉरमॅट मारला' आणि विंडोज नव्याने टाकले. चलचित्रांचे काम करणारा पूर्वीचाच प्रोग्राम पुन्हा बसविला. पूर्वीचीच फीत त्यात घातली, पूर्वीचेच बटण दाबले. आणि पूर्वी जे चित्र स्वच्छ निघत होते ते आता फुटू लागले. चेहऱ्यांवर चौकोन दिसतात, गर्दीचा चिखल होतो, अंधाऱ्या भागात पट्टे उमटतात. संगणक तोच, फीत तीच, प्रोग्राम तोच. मग बिघडले काय?

असा प्रसंग अलीकडे पुष्कळांवर येण्यास कारणही घडले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार तिच्या कंपनीने थांबविला. त्यामुळे कोणी विंडोज ११ टाकून घेतले, कोणी दुसरी प्रणाली घेतली, कोणी जुनीच नव्याने बसवून घेतली. घरोघरी आणि दुकानोदुकानी संगणकांची ही झाडलोट झाली, आणि झाडलोटीत कचऱ्याबरोबर कामाच्या वस्तूही कधी कधी बाहेर जातात.

प्रश्न केवळ लग्नाच्या शूटिंगचा असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. पण आपल्या भागात जुन्या कॅसेटींत काय काय साठले आहे, याचा क्षणभर विचार करा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली. त्या लढ्यात जो विशीचा तरुण होता, तो आज शंभरीच्या घरात असावयाचा. कोणी नातवाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आजोबांना अंगणात बसवून त्यांच्या तोंडून ती हकीकत कॅसेटवर घेतली असेल, तर ती पुन्हा घेता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आजच्या लोहारा, उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावेच्या गावे क्षणात जमीनदोस्त झाली. त्याआधीच्या एखाद्या लग्नाची कॅसेट कोणाकडे शिल्लक असेल, तर तिच्यात नवरानवरीबरोबर ते वाडे, ते ओटे, त्या गल्ल्या आणि गेलेली माणसे हालतीबोलती उभी आहेत. अशा कॅसेटी आता संगणकात उतरविण्याची घाई आहे. फीत वर्षावर्षाने झिजते, आणि ती चालविणारी यंत्रेही नव्याने मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबविले, आणि हे यंत्र बनविणारी ती शेवटची मोठी कंपनी मानली जाते. अशा वेळी उतरविलेले चित्र फुटके निघाले आणि ते तसेच ठेवून कॅसेट टाकून दिली, तर नुकसान कायमचे होते. म्हणून चित्र का फुटते आणि ते कसे सुधारावे, हे सामान्य नागरिकालाही ठाऊक असावे.

संकोचन म्हणजे काय?

प्रथम थोडा हिशेब करू. आजच्या नेहमीच्या चलचित्राची एक चौकट आडवी १९२० आणि उभी १०८० ठिपक्यांची असते. म्हणजे एका चौकटीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लिहून ठेवावयाचे, तर एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशा २५ चौकटी. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट आणि तासाला सुमारे ५६० जीबी. एक हजार जीबीच्या डिस्कमध्ये दोन तासांचे चित्रही मावणार नाही. वस्तुतः आपण तेच चित्र तासाला दोन-तीन जीबीत ठेवतो. मूळ मालाचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा ठेवून बाकीचा सोडून द्यावयाचा आणि तरी पाहणाऱ्याला उणीव जाणवू द्यावयाची नाही, या कौशल्याला कॉम्प्रेशन किंवा संकोचन म्हणतात.

हे साधते कसे? दोन काटकसरींनी. पहिली काटकसर अशी, की सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात चित्रात फारसे काही बदलत नाही. वक्ता बोलत असताना त्याचे ओठ आणि हात हालतात. मागची भिंत तीच राहते. तेव्हा भिंत एकदाच लिहावयाची आणि पुढे फक्त हालचाल टिपावयाची. दुसरी काटकसर प्रत्येक चौकटीच्या आत होते. चौकटीचे लहान लहान चौकोन पाडले जातात, आणि प्रत्येक चौकोनातील ठळक छटा व बारीक तपशील गणिताने वेगवेगळे केले जातात. डोळ्याला बारीक तपशील कमी जाणवतात, म्हणून त्यांचे आकडे ढोबळ करून जागा वाचवितात.

या गणिताशी आपल्या देशाचे नाते आहे. बंगळूर येथे जन्मलेले आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यात अध्यापन करणारे नसीर अहमद यांनी ही कल्पना १९७२ मध्ये संशोधनासाठी मांडली, तेव्हा तेथील सरकारी विज्ञानसंस्थेने तिला अनुदान नाकारले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे संगणकावरील छायाचित्रे, डीव्हीडी आणि २००३ साली आलेली एच.२६४ ही आज सर्वत्र चालणारी पद्धती याच घराण्यातील गणितावर उभी राहिली. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये हे गणित दिवसातून कितीतरी वेळा चालते.

आता चित्र फुटते केव्हा, हे सहज समजेल. लिहावयास जागा कमी दिली, तर आकडे फारच ढोबळ करावे लागतात. मग शेजारच्या दोन चौकोनांच्या छटा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. जेथे हालचाल फार, तेथे जागाही फार लागते. पांढऱ्या भिंतीपुढे बसलेल्या वक्त्याचे चित्र थोड्या जागेतही नीट राहते. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पालखीभोवती उसळणारी गर्दी, उडणारी धूळ आणि झाडांची हालणारी पाने, यांचे चित्र मात्र तेवढ्याच जागेत फुटून जाते. म्हणून परीक्षा घ्यावयाची, ती भिंतीपुढच्या वक्त्यावर घेऊ नये. पालखीच्या गर्दीवर घ्यावी.

कुंथलगिरीच्या पेढ्यामुळे खवा आपल्या जिल्ह्याला परका नाही. दूध आटवून खवा होतो. त्याचे आकारमान घटते, तो जपून ठेवणे सोपे जाते. पण खव्यात पाणी घातल्याने पूर्वीचे दूध होत नाही. संकोचनाचेही असेच आहे. जो तपशील एकदा सोडला तो परत येत नाही. फुटलेले चित्र पुन्हा मोठ्या फाइलमध्ये रूपांतरित केले, तर फाइल मोठी होते; चित्र फुटकेच राहते.

फॉरमॅटमध्ये काय गेले?

खव्याचे उदाहरण आणखी थोडे पुढे नेऊ. कढई तीच, दूध तेच. पण रोजचा माणूस रजेवर गेला आणि नव्याने जाळ वाटेल तसा ठेवला, तर खवा करपतो. दोष कढईचा नसतो. जाळ किती ठेवावयाचा हे जुन्या माणसाच्या हातात होते, ते कोठे लिहिलेले नव्हते.

संगणकात हा जाळ म्हणजे सेटिंग. सेटिंग प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये राहतात, अशी पुष्कळांची समजूत असते. बहुतेक वेळा ती तेथे नसतात. विंडोजची स्वतःची एक मोठी नोंदवही आहे, तिला रजिस्ट्री म्हणतात; काही प्रोग्राम तेथे लिहितात. एक्सव्हिड हा एके काळी फार वापरला गेलेला कोडेक आपली सेटिंग रजिस्ट्रीतच ठेवीत असे. काही प्रोग्राम वापरणाऱ्याच्या नावाच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये लिहितात. हँडब्रेक हा त्यांपैकी एक. ही दोन्ही ठिकाणे सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅटबरोबर पुसली जातात. मग प्रोग्राम डी ड्राइव्हवर सुखरूप असला, तरी सुरू झाल्यावर तो कारखान्याने दिलेली सेटिंग घेऊन बसतो. पूर्वी कोणी तरी एकदा ती बदलली होती, पुढे चार वर्षे त्यांना हात लावण्याची गरज पडली नाही, आणि आता काय बदलले होते हे कोणालाच आठवत नाही. या घोटाळ्याचे बहुतेक मूळ येथेच सापडते.

गेलेली दुसरी वस्तू म्हणजे कोडेक. चित्र आटविण्याचे आणि पुन्हा उलगडण्याचे काम करणारा जो छोटा प्रोग्राम, तो कोडेक. काही प्रोग्राम आपला कोडेक बरोबर आणतात. काही विंडोजमध्ये जो असेल तो वापरतात. व्हर्च्युअलडबसारखा जुना, पण अजून प्रिय असलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याच्या यादीतून आपला नेहमीचा कोडेक गेला, की १९९० च्या दशकातील सिनेपॅकसारखे जुनाट पर्याय तेवढे समोर राहतात, आणि घाईत माणूस त्यांतलाच एक निवडतो. येथे आणखी एक फसगत होते. बत्तीस बिटांच्या प्रोग्रामला चौसष्ट बिटांचा कोडेक दिसत नाही. कोडेक तर बसविला, मग यादीत का नाही, असे वाटत राहते. जोडी जुळवून बसविली की तो दिसू लागतो.

तिसरी वस्तू ड्रायव्हर. विंडोज नव्याने टाकल्यावर पडद्यावर चित्र आले म्हणजे सर्व झाले, असे नव्हे. ग्राफिक कार्डाचा खरा ड्रायव्हर बसेपर्यंत विंडोज एका कामचलाऊ ड्रायव्हरवर चालते. त्या अवस्थेत चलचित्र अडखळते, आणि कार्डातील संकोचनाची सोय प्रोग्रामला दिसतही नाही. याच्या उलटही घडते. पूर्वी संकोचनाचे काम मुख्य प्रोसेसर करीत होता. नव्या ड्रायव्हरनंतर प्रोग्रामने ते आपणहून ग्राफिक कार्डाकडे दिले. कार्डाचे काम झपाट्याने होते. तासाचे काम दहा मिनिटांत झाले म्हणून आपण खूश होतो. पण तेवढ्याच जागेत प्रोसेसरने सावकाश केलेले चित्र बहुधा अधिक चांगले असते. नव्या कार्डांत हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे, जुन्या कार्डांत ते ठळक दिसते. तेव्हा काम अचानक फार जलद होऊ लागले असेल, तर आनंद मानण्यापूर्वी ते कोण करीत आहे, हे पाहावे.

चौथी वस्तू चित्र दाखविणारी व्यवस्था. पूर्वी चित्रफीत ज्या प्रोग्राममध्ये आपण पाहत होतो, तो चौकोनांच्या कडा पुसून दाखवीत असेल, रंग सावरून घेत असेल. नव्या विंडोजमध्ये दुसराच प्रोग्राम फाइल उघडतो, आणि तीच फाइल वाईट दिसते. येथे संकोचनात काही दोष नाही. दोष पाहण्यात आहे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. 'संगणक जुना झाला, आता त्याच्याने चांगले चित्र निघत नाही,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रोसेसरवर चालणारे संकोचन हे गणित आहे. तीच मूळ फीत, तीच आवृत्ती आणि तीच सेटिंग असतील, तर जुन्या संगणकाला वेळ अधिक लागेल, चित्र मात्र तेच निघेल. मंद गवंडी हळू बांधतो म्हणून भिंत वाकडी होत नाही. अशा कारणासाठी नवा संगणक विकत घेण्यापूर्वी पुढील तपासणी करून पाहावी. तिला खर्च येत नाही.

तपासणीचा क्रम

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा पहिला नियम. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि चित्र सुधारले, तर कशाने सुधारले हे कळत नाही. बिघडले तरी तीच पंचाईत. दुसरा नियम असा, की पूर्ण फितीवर प्रयोग करू नये. गर्दीचा, हालचालीचा आणि थोडा अंधाराचा असा एक मिनिटाचा तुकडा निवडावा आणि प्रत्येक प्रयोग त्याच तुकड्यावर करावा.

आता क्रम सांगतो. सर्वांत आधी, दोष फाइलचा की पाहण्याचा, हे ठरवावे. फॉरमॅटपूर्वी केलेली एखादी चांगली फाइल पेन ड्राइव्हवर, टीव्हीला लावलेल्या डिस्कवर किंवा नातेवाइकांकडे असतेच. ती नव्या विंडोजवर लावून पाहावी. तीही वाईट दिसली, तर दोष पाहण्याच्या व्यवस्थेचा. ड्रायव्हर बसवावा आणि व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये पाहावे. जुनी चांगली आणि नवी वाईट दिसली, तर नवी फाइल मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावी. तेथेही ती वाईट असेल, तर दोष संकोचनात आहे हे निश्चित झाले.

दुसरी पायरी मूळ मालाची. आपण प्रोग्राममध्ये जी फाइल घालतो आहोत, ती खरोखर पूर्वीचीच आहे काय? फॉरमॅटच्या वेळी डेस्कटॉपवरची मूळ फाइल गेली आणि नंतर कोणाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर परत मागविली, असे फार वेळा होते. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या रीतीने पाठविलेले चलचित्र स्वतः आटवून पाठविते. खव्याचा पुन्हा खवा करावयास निघालो, तर हाती करपच यावयाची.

तिसरी पायरी माझ्या मते सर्वांत उपयुक्त आहे. मीडियाइन्फो नावाचा एक छोटा, फुकट प्रोग्राम मिळतो. जुनी चांगली फाइल आणि नवी वाईट फाइल, दोन्ही त्यात उघडाव्यात आणि दोघींची माहिती शेजारी शेजारी ठेवावी. कोडेक कोणता, मापे काय, सेकंदाला चौकटी किती, बिटरेट किती, हे सर्व त्यात दिसते. पत्रिका जुळवितात तसे एकेक कलम जुळवून पाहावे. जेथे फरक सापडेल तेथेच बहुधा दुखणे असते.

यात एक आनंदाची गोष्ट आहे, आणि ती थोड्यांनाच ठाऊक असते. एच.२६४ पद्धतीचे संकोचन पुष्कळ प्रोग्राम एक्स२६४ या फुकट इंजिनाकडून करवितात, हँडब्रेकही त्यातलाच. हे इंजिन आपण वापरलेली सेटिंग नेहमीच्या व्यवस्थेत तयार झालेल्या फाइलमध्येच लिहून ठेवते, आणि मीडियाइन्फो ती वाचून दाखविते. म्हणजे जी सेटिंग फॉरमॅटमध्ये गेली म्हणून आपण हळहळत होतो, ती जुन्या चांगल्या फाइलच्या पोटातच शिल्लक असू शकतात. तेथून ती उतरून घ्यावीत आणि पुन्हा भरावीत. म्हणून जुन्या तयार फायली कधी घाईने पुसू नयेत.

चौथी पायरी वाटपाची. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला दिलेला शिधा. याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४००० किलोबिट दिले, तर तासाची फाइल सुमारे १.८ जीबी होते. ८०० किलोबिट दिले, तर ३६० एमबी. तेव्हा मीडियाइन्फो नसला तरी तासाच्या फाइलचे आकारमान पाहून अंदाज बांधता येतो. आकारमान पाचव्या हिश्श्यावर आले असेल, तर चित्र उपाशी आहे.

शिधा देण्याच्याही रीती आहेत. एका रीतीत प्रोग्राम फीत एकदाच पाहत जातो आणि सरसकट वाटप करतो. दुसऱ्या रीतीत तो फीत दोनदा पाहतो. पहिल्या फेरीत कोठे गर्दी, कोठे शांतता, हे टिपतो आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटतो. पूर्वी दोन फेऱ्यांची रीत निवडलेली असेल आणि आता एकाच फेरीची आली असेल, तर त्याच आकारमानात गर्दीची दृश्ये फुटतात. तिसरी रीत अशी, की आकारमानाचा आग्रह सोडून दर्जाचा आकडा सांगावयाचा. एक्स२६४ मध्ये हा आकडा नेहमीच्या कामात ० ते ५१ असतो, आणि प्रारंभी तो २३ असतो. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. साधारण सहाने कमी केला की फाइल दुप्पट होते. ज्या फितीची नक्कल पुन्हा मिळणार नाही, तिच्यासाठी १८ च्या आसपास राहावे. लक्षात ठेवावे, की ग्राफिक कार्डाच्या संकोचनात असा आकडा दिसला, तरी त्याचे माप हेच नसते.

पाचवी पायरी मापांची आणि ओळींची. चौकोन नाहीत, पण सगळे चित्रच मऊ, धुकट दिसते, तर प्रोग्रामने चौकट लहान केली असावी. काळे भाग राखाडी किंवा उलट फारच काळेकुट्ट दिसतात, तर रंगांच्या पट्ट्यात घोटाळा आहे. चलचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे बहुधा १६ ते २३५ धरतात, संगणकाचा पडदा ० ते २५५ धरतो, आणि दोघांची समजूत पटली नाही की असे होते. हालणाऱ्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात, तर प्रकरण वेगळे आहे. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटींतील चित्र सेकंदाला २५ चौकटींचे असले, तरी प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांची असते. आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या ओळी. संगणकाच्या पडद्यासाठी हे दोन अर्धे नीट सांधावे लागतात. पूर्वी ती सांधण्याची खूण केलेली होती, नव्या सेटिंगमध्ये ती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, एका तासाच्या मुलाखतीची कॅसेट आहे. पूर्वीची फाइल १.८ जीबीची होती, नवी ३६० एमबीची निघाली आणि चेहऱ्यावर चौकोन दिसतात. जुनी फाइल मोबाइलवर आणि संगणकावर चांगली दिसते, म्हणजे पाहण्याची व्यवस्था ठीक आहे. मूळ फाइल दोन्ही वेळा तीच, हेही पडताळले. मीडियाइन्फोत दोघींचा कोडेक एकच, मापे ७२० गुणिले ५७६ अशी सारखीच. बिटरेट मात्र ४००० च्या जागी ८००. बिटरेट पूर्ववत केला, मिनिटाचा तुकडा पुन्हा काढला, चौकोन गेले. परंतु हात हालला की फणीच्या रेघा दिसतात. त्या आधी चौकोनांच्या गर्दीत लक्षात आल्या नव्हत्या. अर्धे सांधण्याची खूण केली, पुन्हा तुकडा काढला, रेघाही गेल्या. दोन दोष होते, दोन्ही वेगवेगळे सापडले. बिटरेट आणि ओळी एकदम बदलल्या असत्या आणि काही उरले असते, तर कशाचा हा परिणाम, हे शोधण्यात दिवस गेला असता.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

फॉरमॅट मारण्यापूर्वी अर्धा तास दिला, तर ही सर्व यातायात वाचते. चांगली निघालेली सेटिंग प्रोग्राममधून बाहेर काढून ठेवता येतात. हँडब्रेक आणि व्हर्च्युअलडब या दोन्हींत तशी सोय आहे. ती फाइल सी ड्राइव्हवर ठेवू नये. प्रोग्रामची आणि कोडेकची जी आवृत्ती चालत होती, तिची बसविण्याची फाइलही जपावी. नव्या आवृत्तीत सुरुवातीची सेटिंग बदललेली असू शकतात. त्यावर भरवसा नसेल, तर सेटिंगच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढावा, किंवा साध्या वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोडेक, आवृत्ती, बिटरेट किंवा दर्जाचा आकडा, मापे, ओळींची खूण. शिवाय नमुना म्हणून एक मिनिटाचा मूळ तुकडा आणि त्यापासून निघालेला चांगला तुकडा, असे दोन्ही जवळ ठेवावेत. नवे विंडोज बसले, की पहिले काम म्हणून तोच मूळ तुकडा आटवावा आणि जुन्या नमुन्याशी ताडून पाहावा. दुकानदारांनी तर गिऱ्हाइकाचे काम हाती घेण्यापूर्वी हे करावेच.

आणि मूळ माल जपावा, हे सर्वांत मोठे. कॅसेट संगणकात उतरविताना प्रथम जी मोठी फाइल तयार होते, ती पाहावयाच्या लहान फाइलीसाठी पुसून टाकण्याचा मोह होतो. डीव्ही पद्धतीने उतरविलेली तासाची फाइल सुमारे १३ जीबीची होते. आजच्या डिस्कच्या मानाने १३ जीबी म्हणजे काही फार नाही. ती मोठी फाइल दोन ठिकाणी ठेवावी, त्यांतील एक दुसऱ्या घरी. लहान फाइल चुकली, तर मोठीवरून पुन्हा करता येते. मोठी गेली, तर कॅसेटकडे जावे लागते. आणि कॅसेटही टाकून दिली असेल, तर कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. आपल्या देशातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत झळकला. हजारो लोकांनी पाहिलेल्या त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर असे पुष्कळ काही हातचे गेले होते. मोठ्या चित्रपटाची ही गत होते, तेथे घरच्या कपाटातल्या एका कॅसेटची काय कथा!

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कॅसेट आहे, त्यांनी ती उतरवून घेताना दुकानदाराला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: मोठी मूळ फाइलही द्या, आणि कोणत्या सेटिंगने लहान फाइल केली ते लिहून द्या. घरी आल्यावर ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत, निदान गर्दीच्या आणि अंधाराच्या प्रसंगी, पाहून घ्यावी. चित्र फुटलेले दिसले, तर दुकानदाराशी भांडण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून वर सांगितलेल्या पाच पायऱ्या एकेक करून तपासाव्यात. बहुतेक वेळा दोष एखाद्या आकड्यातच निघतो आणि तो त्याच बैठकीत सुधारतो. तोवर जुनी कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवावी आणि कोणी मागितली तरी टाकून देऊ नये.